नळामागचे सरकार

ह्यूस्टन शहराच्या पश्चिमेला केटी, शुगर लँड, सायप्रस या भागांत गेल्या काही दशकांत भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती झाली आहे. त्यात मराठी घरेही पुष्कळ आहेत. नवे घर घेताना शाळा कशी आहे, ऑफिस किती लांब आहे, अंगण केवढे आहे याची चौकशी सगळे करतात. खरेदीच्या कागदांच्या गठ्ठ्यात एक वेगळी नोटीसही असते. हे घर अमुक क्रमांकाच्या म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टच्या हद्दीत येते, या डिस्ट्रिक्टला कर बसवण्याचा अधिकार आहे, सध्याचा दर इतका आहे, मतदारांनी इतक्या डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली आहे आणि त्यांतले इतके आजवर विकले गेले आहेत, असे तीत लिहिलेले असते. घर विकणाऱ्याने ही नोटीस दिलीच पाहिजे, अशी टेक्सासच्या जलसंहितेची सक्ती आहे. बहुतेक जण सही करून पुढच्या कागदाकडे वळतात. वर्षअखेरीस मालमत्ता कराचे बिल आले की 'मड टॅक्स' नावाची रक्कम दिसते आणि मग विचारपूस सुरू होते. हा मड कोण? याला पैसे मागण्याचा अधिकार दिला कोणी?

म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट या लांबलचक नावाचे मड हे संक्षिप्त रूप. कलेक्टर कचेरी असलेला आपल्याकडचा जिल्हा इथे डोळ्यांसमोर आणू नये. मड कधी काही शे एकरांचा असतो, कधी काही हजार. त्यात एखादी वसाहत मावते, कधी दोन-तीन. पण कायद्याच्या दृष्टीने तो सरकार आहे. त्याचे मंडळ निवडून येते, त्याला कर बसवता येतो, कर्ज काढता येते, जमीन संपादित करता येते आणि त्याच्या सभा जनतेला खुल्या ठेवाव्या लागतात. टेक्सासात असे मड आज नऊशेहून अधिक आहेत आणि त्यांतले शेकडो ह्यूस्टनभोवतीच्या पट्ट्यात आहेत. अमेरिकेतल्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची खडान्‌खडा माहिती असलेल्या माणसालाही आपल्या नळामागच्या या सरकारचे पाच संचालक कोण, हे बहुधा ठाऊक नसते. माझ्या मते ही अनास्था महागात पडणारी आहे. मडची खरी ताकद नळात किंवा गटारात नाही. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांच्या कराला आज बांधून टाकणारे कर्ज काढण्याचा जो अधिकार त्याला आहे, त्यात ती आहे.

पूर, दुष्काळ आणि १९१७ ची दुरुस्ती

या व्यवस्थेची मुळे विसाव्या शतकाच्या आरंभी सापडतात. १९०४ मध्ये टेक्सासच्या राज्यघटनेत दुरुस्ती होऊन सिंचन, निचरा अशा कामांसाठी स्थानिक जिल्हे स्थापण्याची आणि त्यांनी रोखे काढण्याची वाट मोकळी झाली. पण कर्जाला मर्यादा होती. जिल्ह्यातल्या स्थावर मालमत्तेच्या करपात्र मूल्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त कर्ज काढता येत नसे. धरणे, बंधारे, कालवे यांचा खर्च एवढ्यात भागणे अवघड होते.

नंतरच्या काही वर्षांत निसर्गाने टेक्सासला दोन्ही बाजूंनी झोडपले. १९१३ आणि १९१४ मध्ये ब्रॅझोस, कोलोरॅडो या नद्यांना मोठे पूर आले. त्याच दशकात कडक दुष्काळही पडले. पाणी अडवणे, वळवणे, वाटणे आणि त्याचा निचरा करणे ही कामे खासगी माणसाच्या आवाक्यातली नाहीत, हे सर्वांना पटले. १९१७ मध्ये मतदारांनी घटनेच्या सोळाव्या अनुच्छेदात ५९ वे कलम घातले. जलसंपत्तीचे जतन आणि विकास हे सार्वजनिक हक्काचे आणि कर्तव्याचे काम आहे, असे या कलमाने ठरवले. त्यासाठी स्थापन होणाऱ्या जिल्ह्यांना कर्जाच्या जुन्या मर्यादेतूनही त्याने मोकळे केले. मतदारांची संमती असेल तर हवे तेवढे कर्ज काढता येईल आणि ते फेडण्यासाठी हवा तेवढा कर बसवता येईल, अशी मुभा मिळाली.

हे कलम लिहिणाऱ्यांसमोर शेती होती, नद्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर टेक्सासची शहरे झपाट्याने पसरू लागली, तेव्हा हेच साधन घरबांधणी करणाऱ्यांच्या कामी आले. १९७१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने खास नागरी वसाहतींसाठी म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट हा प्रकार कायद्यात आणला. जलसंहितेचे ५४ वे प्रकरण त्याच्यासाठी आहे आणि सर्व जल जिल्ह्यांना लागू असलेले सामाईक नियम ४९ व्या प्रकरणात आहेत. शेतीच्या पाण्यासाठी उघडलेल्या दारातून अशा रीतीने उपनगरे आत आली.

मड जन्माला कसा येतो?

शहराच्या हद्दीबाहेर एखाद्या विकासकाने हजार एकर भातखाचर किंवा कुरण विकत घेतले असे समजू. तिथे पाण्याची लाइन नाही, सांडपाण्याची व्यवस्था नाही, पावसाचे पाणी वाहून न्यायला काही नाही. शहराची हद्द तिथवर पोचलेली नाही. काउंटीचे सरकार आहे, पण टेक्सासात काउंटीचे अधिकार तोकडे असतात आणि नव्या वसाहतींना पाणीपुरवठा करणे हे तिचे नित्याचे काम नव्हे. मग एवढी गुंतवणूक करायची कोणी?

अशा वेळी जमीनमालक राज्याच्या पर्यावरणविषयक आयोगाकडे, म्हणजे टेक्सास कमिशन ऑन एन्व्हायर्नमेंटल क्वालिटीकडे, अर्ज करतो. त्या क्षेत्रातल्या जमिनीच्या मूल्याचा निम्म्याहून मोठा हिस्सा ज्यांच्याकडे आहे त्यांच्या सह्या अर्जावर लागतात. जमीन एखाद्या शहराच्या हद्दीत किंवा हद्दीलगतच्या प्रभावक्षेत्रात येत असेल, तर त्या शहराचीही संमती लागते. एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी हे प्रभावक्षेत्र हद्दीपासून पाच मैलांपर्यंत असते. दुसरी वाट विधिमंडळाची. तिथे विशेष कायदा करून थेट मड स्थापता येतो आणि बरेच मड असे स्थापन झालेले आहेत.

पाच हंगामी संचालक नेमले जातात. त्यानंतर होते ती स्थापनेवर शिक्कामोर्तब करणारी निवडणूक. जिल्हा हवा की नको, कायम संचालक कोण, किती डॉलरचे रोखे काढायला परवानगी द्यायची आणि देखभालीसाठी कर बसवायचा का, हे सगळे मतदारांसमोर ठेवले जाते. कागदावर ही लोकशाहीची चोख पद्धत आहे. अडचण एवढीच, की त्या वेळी तिथे घरेच नसतात. वस्ती नाही तिथे मतदार कुठून यायचे?

यावर काढलेल्या तोडग्यावर टेक्सासच्या वृत्तपत्रांनी वेळोवेळी झगझगीत प्रकाश टाकला आहे. रिकाम्या माळावर एक-दोन फिरती घरे आणून ठेवायची, दोन-चार माणसांना तिथे राहायला बोलवायचे, त्यांची मतदार म्हणून नोंदणी करायची आणि त्यांच्या मतांवर निवडणूक उरकायची. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी कोट्यवधी डॉलरच्या कर्जाला मंजुरी मिळते. हे कर्ज फेडणारी हजारो कुटुंबे तेव्हा दुसऱ्याच शहरात, दुसऱ्याच देशात असतात. काही तर अजून जन्मालाही आलेली नसतात. विकासक स्वतः, त्याचे जवळचे नातलग आणि त्याचे नोकर यांना संचालक होता येत नाही, अशी कायद्यात तरतूद आहे. तरीही सुरुवातीचे मंडळ विकासकाच्या ओळखीच्या माणसांचे असते, हे उघड गुपित आहे. संचालक व्हायला जिल्ह्यातला मतदार असणे किंवा जिल्ह्यात करपात्र जमीन असणे पुरते. त्यामुळे जमिनीचा लहानसा तुकडा एखाद्याच्या नावावर केला की त्याची पात्रता पूर्ण होते.

हातात काय असते, काय नसते

मडच्या अधिकारांची यादी मोठी आहे. पिण्याच्या पाण्याचा पुरवठा, सांडपाणी गोळा करून त्यावर प्रक्रिया, पावसाच्या पाण्याचा निचरा ही तीन मूळ कामे. त्यासाठी विहिरी खोदणे, पाण्याच्या टाक्या आणि प्रक्रिया केंद्रे उभारणे, पावसाचे पाणी तात्पुरते साठवणारे तलाव बांधणे हे सगळे मड करतो. कचरा उचलण्याचे कंत्राटही तो देऊ शकतो. राज्याकडून आराखडा मंजूर करून घेऊन आणि मतदारांची संमती मिळवून अग्निशमन सेवा देता येते. २००३ च्या घटनादुरुस्तीनंतर काही काउंट्यांमधल्या मडना बागा आणि करमणुकीच्या सोयींसाठी कराच्या आधाराने रोखे काढता येऊ लागले. रस्ते बांधण्याचा अधिकारही पुढे जोडला गेला. काउंटीच्या कॉन्स्टेबल किंवा शेरीफच्या खात्याशी करार करून अनेक मड जादा गस्तीचा बंदोबस्त करतात. पाइपलाइन किंवा प्रक्रिया केंद्रासाठी लागणारी खासगी जमीन भरपाई देऊन सक्तीने संपादित करण्याचा अधिकारही मडला आहे.

उत्पन्नाच्या दोन मुख्य वाटा आहेत. एक पाणीपट्टी, म्हणजे वापरानुसार दरमहा येणारे पाण्याचे आणि सांडपाण्याचे बिल. दुसरी मालमत्ता करातून येणारी रक्कम. तिचेही दोन भाग असतात. पहिला भाग कर्जफेडीसाठी, दुसरा देखभालीसाठी. देखभालीच्या कराला मतदारांनी ठरवलेली कमाल मर्यादा असते. कर्जफेडीच्या कराला दराची मर्यादा नसते. रोखे घेणाऱ्याला दिलेले वचन असे, की हप्ता भागेपर्यंत लागेल तितका कर बसवला जाईल.

नसलेल्या अधिकारांकडेही पाहिले पाहिजे. मडला झोनिंग करता येत नाही, म्हणजे कुठे घरे, कुठे दुकाने, कुठे कारखाना हे तो ठरवू शकत नाही. शाळा त्याच्याकडे नाहीत, त्यांचा वेगळा जिल्हा असतो आणि मालमत्ता करातला सगळ्यात मोठा वाटा सहसा त्याच शाळा जिल्ह्याला जातो. न्यायालय, रुग्णालय, महामार्ग यांच्याशी मडचा संबंध नाही. होमओनर्स असोसिएशन आणि मड यांची गल्लत तर हमखास होते. असोसिएशन ही घरमालकांची खासगी संस्था. हिरवळ किती वाढवायची, कुंपणाला कोणता रंग द्यायचा हे ती बघते आणि तिची वर्गणी करारातून येते. मड मात्र राज्याने निर्माण केलेले सरकार आहे आणि त्याची मागणी हा कर आहे.

इतकी कामे करणाऱ्या या सरकारकडे स्वतःचा कर्मचारीवर्ग बहुधा नसतोच. वकील, अभियंता, हिशेबनीस, करवसुली अधिकारी, वित्त सल्लागार, लेखापरीक्षक आणि रोजची यंत्रणा चालवणारी कंपनी, असे सगळे कंत्राटावर असतात. ठरावीक व्यावसायिक संस्था एकाच वेळी अनेक मडचे काम बघतात. पाच संचालक महिन्यातून एकदा भेटतात. त्यांना सभेगणिक थोडे मानधन मिळते आणि ते सहसा आपापली नोकरी सांभाळून हे काम करतात. प्रश्न विचारणारा संचालक असेल तर सल्लागारांकडून उत्तम काम होते. तसा नसेल, तर कारभार प्रत्यक्षात सल्लागारच चालवतात.

कर्जाचे गणित

मडचा कणा म्हणजे परतफेडीची पद्धत. विकासक सुरुवातीला स्वतःच्या खिशातून किंवा बँकेकडून पैसे उचलून पाइप टाकतो, प्रक्रिया केंद्र बांधतो, तलाव खोदतो. घरे उभी राहिली आणि जिल्ह्याचे करपात्र मूल्य वाढले, की मड रोखे विकायला काढतो. आलेल्या पैशातून विकासकाचा खर्च परत केला जातो. पुढची पंचवीस-तीस वर्षे घरमालकांच्या करातून रोख्यांचे हप्ते जातात. या रोख्यांच्या व्याजावर गुंतवणूकदाराला सहसा केंद्र सरकारचा प्राप्तिकर द्यावा लागत नाही, म्हणून तो कमी व्याजावर पैसे द्यायला तयार होतो. खासगी कर्जापेक्षा हा पैसा स्वस्त पडतो तो याच कारणाने.

रोखे विकण्याआधी राज्याचा आयोग खर्च आणि आर्थिक व्यवहार्यता तपासतो आणि राज्याचा महाधिवक्ता कायदेशीर बाजू तपासून मंजुरी देतो. बांधकामाच्या खर्चातला तीस टक्के वाटा विकासकाने स्वतः सोसावा, असा आयोगाचा नियम आहे. जिल्ह्याची आर्थिक स्थिती ठरलेल्या निकषांत बसत असेल तर त्यातून सूट मिळते. या अटींमागे इतिहास आहे. १९८० च्या दशकात तेलाचे भाव कोसळले आणि ह्यूस्टनच्या अर्थव्यवस्थेचे कंबरडे मोडले. आखलेल्या वसाहतींत घरे उभी राहिली नाहीत, राहिलेल्या थोड्या घरांवर सगळ्या कर्जाचा बोजा पडला आणि काही मड दिवाळखोरीच्या न्यायालयात गेले. त्यानंतर नियम कडक झाले. ठरावीक प्रमाणात घरे प्रत्यक्ष उभी राहिल्याशिवाय आता रोख्यांना परवानगी मिळणे कठीण असते.

घरमालकाच्या बाजूने हिशेब सोपा आहे. घराचे मूल्य चार लाख डॉलर आणि मडचा दर दर शंभर डॉलरला एक डॉलर असेल, तर वर्षाला चार हजार डॉलर जातात. तेच घर चाळीस सेंट दराच्या जुन्या मडमध्ये असेल तर सोळाशे डॉलर. नव्या वसाहतीत कर्ज ताजे आणि घरे कमी, म्हणून दर चढा. घरे वाढतात, कर्ज फिटत जाते, तसा दर उतरतो. निदान तसा उतरायला हवा. इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. मतदारांनी मंजूर केलेले पण अजून न विकलेले रोखे जिल्ह्याच्या हातात असतात. संचालक मंडळ पुन्हा मतदारांकडे न जाता ते टप्प्याटप्प्याने विकू शकते. त्यामुळे आजचा दर पाहून उद्याचा अंदाज बांधायचा असेल, तर हा शिल्लक आकडा पाहिलाच पाहिजे.

या पद्धतीच्या समर्थनार्थही ठोस युक्तिवाद आहे आणि तो मला रास्त वाटतो. नव्या वसाहतीचा खर्च त्या वसाहतीत राहणाऱ्यांनीच उचलावा, शहरातल्या जुन्या करदात्यावर तो पडू नये. पाइपचा खर्च घराच्या किमतीत एकदम न घालता तीस वर्षांवर पसरवला, तर पहिले घर घेणाऱ्याला ते परवडते. टेक्सासच्या महानगरांत मध्यमवर्गाला अजूनही घर घेता येते, त्यात मडचा वाटा आहे. आक्षेप साधनावर नाही. ते साधन हाती घेतले जाते त्या दिवशी पैसे भरणारा माणूस जागेवर नसतो, यावर आहे.

जमीन खचू लागली तेव्हा

लहान लहान जिल्ह्यांनी आपापली सोय पाहिली की सगळ्यांचे मिळून काय होते, याचा धडा ह्यूस्टनला पायाखालच्या जमिनीने दिला. प्रत्येक मडसाठी सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आपल्या हद्दीत खोल विहीर खोदणे. कारखाने, शहर आणि उपनगरे यांनी दशकानुदशके भूजल उपसले. खालचे चिकणमातीचे थर पाणी गेल्यावर दबले आणि वरची जमीन खचत गेली. एकदा दबलेला थर पुन्हा फुगत नाही. बेटाउन शहरातली ब्राउनवूड ही किनाऱ्यालगतची वसाहत अनेक फूट खचली. भरतीचे पाणी घरांत शिरू लागले आणि १९८३ च्या ॲलिशिया चक्रीवादळानंतर ती कायमची सोडून द्यावी लागली. आज त्या जागी निसर्ग उद्यान आहे.

१९७५ मध्ये विधिमंडळाने हॅरिस-गॅल्व्हेस्टन सबसायडन्स डिस्ट्रिक्ट स्थापून भूजल उपशावर नियंत्रण आणले. १९८९ मध्ये फोर्ट बेंड काउंटीसाठीही तसाच जिल्हा झाला. नदीचे पाणी आणणे एकेकट्या मडच्या कुवतीबाहेरचे होते. म्हणून १९९९ मध्ये उत्तर हॅरिस आणि २००१ मध्ये पश्चिम हॅरिस काउंटीसाठी प्रादेशिक जल प्राधिकरणे निर्माण झाली आणि अनेक मड त्यांच्या छत्राखाली आले. हॅरिस काउंटीच्या उत्तर आणि पश्चिम भागासाठी उद्दिष्ट ठरले ते असे: २०१० पर्यंत मागणीतला तीस टक्के, २०२५ पर्यंत साठ टक्के आणि २०३५ पर्यंत ऐंशी टक्के वाटा भूजलाऐवजी इतर पाण्याचा असावा. ट्रिनिटी नदीचे पाणी लूस बायू प्रकल्पातून ह्यूस्टन तलावात आणले गेले. तिथल्या ईशान्य जलशुद्धीकरण केंद्राची क्षमता दिवसाला ८ कोटी गॅलनवरून ४० कोटी गॅलनपर्यंत नेण्याचे काम शहर आणि प्राधिकरणे यांनी मिळून हाती घेतले. या सगळ्याचा खर्च दर हजार गॅलनमागे आकार म्हणून उपनगरातल्या पाणीपट्टीत दिसतो. आपला मड पाणी महाग का देतो, असे विचारणाऱ्याला याचे उत्तर कित्येकदा मडच्या हद्दीबाहेर सापडते.

शहर दारात येते तेव्हा

मडची मूळ कल्पना तात्पुरत्या व्यवस्थेची होती. वसाहत वाढली की शेजारचे शहर हद्दवाढ करील, मडची मालमत्ता आणि कर्ज दोन्ही ताब्यात घेईल आणि मड विसर्जित होईल. ह्यूस्टनने कित्येक वर्षे असेच केले. पण १९९६ मध्ये ईशान्येकडचे किंगवूड हे उपनगर रहिवाशांचा तीव्र विरोध डावलून शहरात घेतले गेले, तेव्हा राज्यभर नाराजी उसळली. विधिमंडळाने १९९९ मध्ये हद्दवाढीच्या अटी कडक केल्या. २०१७ आणि २०१९ च्या कायद्यांनी तर रहिवाशांच्या संमतीशिवाय होणारी हद्दवाढ जवळजवळ संपवली.

शहरांनी आता वेगळा मार्ग धरला आहे. मडशी भागीदारीचा करार करून शहर त्याच्या व्यापारी पट्ट्याची मर्यादित हद्दवाढ करते, तिथला विक्रीकर वसूल करते आणि त्यातला वाटा मडला देते. रहिवासी शहराबाहेरच राहतात. परिणाम असा, की तात्पुरता मड दीर्घकाळचा झाला. १९७४ मध्ये जॉर्ज मिचेल यांनी वसवलेले द वूडलँड्स एखाद्या मध्यम शहराएवढे वाढले, तरी तिथले पाणी आणि सांडपाणी आजही अनेक मड मिळून एका सामाईक संस्थेमार्फत चालवतात. २०२१ मध्ये स्वतंत्र शहर होण्याचा प्रस्ताव तिथल्या मतदारांनी फेटाळला. याचा अर्थ, जिथे शहर यायचे नाही तिथे मड हेच कायमचे स्थानिक सरकार झाले आहे आणि त्याच्याकडे तितक्याच गांभीर्याने पाहावे लागेल.

कॅलिफोर्नियातली दोन उदाहरणे

याच नावाच्या संस्थेने लोकांचा हात धरून किती मोठी झेप घेतली, ते कॅलिफोर्नियात दिसते. तिथला म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट कायदा १९२१ चा. ओकलंड, बर्कली आणि आसपासच्या शहरांना खासगी कंपनीचे पाणी पुरत नव्हते. १९२३ मध्ये मतदारांनी ईस्ट बे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट स्थापन केला. या जिल्ह्याने सिएरा नेव्हाडा पर्वताच्या पायथ्याशी मोकेलम्नी नदीवर पार्डी धरण बांधले आणि सुमारे नव्वद मैलांच्या जलवाहिनीतून १९२९ मध्ये पाणी आणले. धरणाला माजी गव्हर्नर जॉर्ज पार्डी यांचे नाव आहे, तेच जिल्ह्याच्या मंडळाचे पहिले अध्यक्ष होते.

सॅक्रामेंटोच्या मतदारांनीही १९२३ मध्येच आपला जिल्हा स्थापला, तो विजेसाठी. खासगी वीज कंपनीशी प्रदीर्घ कायदेशीर झगडा झाला आणि १९४६ च्या अखेरीस यंत्रणा लोकांच्या ताब्यात आली. पुढे या जिल्ह्याने रँचो सेको हा अणुवीज प्रकल्प उभारला. तो वारंवार बंद पडू लागला, खर्च वाढला, शंका वाढल्या. जून १९८९ मध्ये प्रश्न मतपेटीत गेला आणि मतदारांनी तो बंद करण्याचा कौल दिला. मंडळाने तो मानला. अणुभट्टी चालू ठेवायची की नाही हे वीज वापरणाऱ्यांनी मतदानाने ठरवले, कारण वीज कंपनी त्यांचीच होती.

टेक्सास आणि कॅलिफोर्निया यांत कायद्याचे तपशील निराळे आहेत, आकार तर फारच निराळा आहे. पण खरा फरक आणखी एका गोष्टीत आहे. ओकलंड आणि सॅक्रामेंटोत गरज भासलेले लोक आधी होते, जिल्हा नंतर आला. टेक्सासच्या माळावर जिल्हा आधी येतो, लोक नंतर. म्हणून तिथे लोकांनी नंतर येऊन तो आपल्या ताब्यात घ्यावा लागतो. कायद्याने तशी सोय ठेवलेली आहे.

ताबा कसा घ्यायचा?

घर घेण्यापूर्वी मडची नोटीस वाचावी आणि तीन आकडे शोधावेत: कर्जफेडीचा दर, देखभालीचा दर आणि मंजूर असून न विकलेल्या रोख्यांची रक्कम. घर घेतल्यावर मडच्या सभेला जावे. सुरुवातीच्या काळात सभा जिल्ह्यापासून दूर, वकिलाच्या कार्यालयात भरते. पण रहिवाशांनी लेखी मागणी केली तर ती जिल्ह्याच्या हद्दीत घेण्याची तरतूद कायद्यात आहे. सभेची सूचना आगाऊ जाहीर करावी लागते, इतिवृत्त मागता येते, लेखापरीक्षणाचा वार्षिक अहवाल पाहता येतो. रोखे नव्याने काढायचे असतील तर विचारावे, की कोणत्या कामासाठी, विकासकाला त्यातले किती जाणार आणि दरावर काय परिणाम होणार.

त्याहून पुढची पायरी म्हणजे उमेदवारी. संचालकाची मुदत चार वर्षांची असते आणि निवडणुका आलटून पालटून होतात. पुरेसे उमेदवार नसल्यामुळे निवडणूकच न होता जुने संचालक पुढे चालू राहतात, हे नेहमीचे आहे. मतदानाला इतके थोडे लोक येतात, की एका गल्लीने ठरवले तरी निकाल बदलू शकतो. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या आपल्या लोकांत अभियंते आहेत, हिशेब तपासणारे आहेत, संगणकाच्या मोठ्या यंत्रणा सांभाळणारे आहेत. पाण्याच्या पंपाचा खर्च, कंत्राटाची निविदा, कर्जाचे व्याज हे विषय त्यांना कळतात. मराठी मंडळाचे उत्सव आणि नाटके जितक्या हौसेने ते उभे करतात, तितक्याच हौसेने त्यांनी या पाच खुर्च्यांकडे पाहायला हवे.

जिथे कर बसवला जातो तिथे प्रश्न विचारण्याचा हक्क असतो, आणि तो वापरला नाही तर त्याची किंमत वर्षानुवर्षे बिलातून द्यावी लागते. मडचे अधिकार मोठे आहेत, कारण घटनेने आणि मतदारांनी ते मोठे केले आहेत. हे अधिकार कोणासाठी वापरले जातील, हे माळावरच्या फिरत्या घरातल्या दोन-चार मतांनी एकदा ठरवले होते. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत ते ठरवण्याची पाळी तिथे राहणाऱ्यांची असते.